अभ्र्याची दोन टोकं

तिला सगळे इस्त्री म्हणतात. आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीचं यंत्र वेगळं, ते चालवणारी माणसं वेगळी, आणि हिने त्याला जन्मात कधी हात लावलेला नाही. तरी नाव पडलं ते पडलंच, कारण बाई ताठ. बसली तरी ताठ, चिडली तरी ताठ, आणि भिजून चिंब होऊन आली तरी हिच्या कपड्याला एक चुणी दिसेल तर शपथ. मला भोंगा म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका, दोन मिनिटं माझ्याजवळ उभे राहिलात तर आपोआप कळेल.

आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालायचो. लोकांना वाटतं, घडी घालायची त्यात काय मोठं. या एकदा. वाळवणीच्या यंत्रातून चादरींचा डोंगर बाहेर पडत असतो, एकेक चादर दोन माणसांइतकी लांब, गरम इतकी की बोटं भाजतात, आणि पलीकडे कपडे धुणारे ढोल असे धडधडतात की शेजारच्या बाईला हाक मारायची तर तिच्या कानात तोंड घालावं लागतं. माझ्यासारखीचा आवाजसुद्धा तिथे पोचत नाही, म्हणजे बघा. मग बोलायचं कसं? चादरीतूनच. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. एक हिसका म्हणजे ताण धर. दोन हिसके म्हणजे डावीकडे वळ, कारण टेबल डावीकडे, अर्धी घडी झाली की तिथे नेऊन टाकायची. लांबलचक ओढ म्हणजे थांब, डाग राहिलाय, परत धुवायला टाक. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही आणि आम्ही कधी ठरवलंही नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं रोज तेच करत गेलो आणि ते हातात मुरत गेलं. हिसका बसला की माझा हात आधी हलतो, डोक्याला नंतर कळतं.

इस्त्रीचा नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा नीट चालतही नव्हता. ती लाँड्रीत लागली ती तेव्हापासून. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर तिच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. जिना असा उभा की सामान घेऊन चढणाऱ्याने आधी देवाचं नाव घ्यावं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेकरीची मागची बाजू दिसते, आणि भट्टीतून पहिला ट्रे निघाला की ही उठते, घड्याळाची गरज नाही. भिंतींना रंग देणं असो की सिलिंडर वर चढवणं, बाई सगळं स्वतः करणार. एकदा ती तापाने फणफणली होती म्हणून मी पातेलंभर सूप नेऊन दिलं, तर चौथ्या दिवशी पातेलं घासूनपुसून परत, वर आत चार संत्री. मी म्हटलं, "अगं, मी काय सावकार आहे का?" तर म्हणे, "असू दे. अंगावर ठेवलेलं मला झोपू देत नाही." अशी माणसं फार त्रास देतात हो. त्यांच्यासाठी काही करायची सोयच ठेवत नाहीत.

मुलगा शिकला, दूरच्या मोठ्या शहरात नोकरीला लागला, लग्न झालं. सूनही चांगली. मुलगा वाईट नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे माझं बोलणं ऐकून तुम्हाला तसं वाटायचं.

एके सकाळी मी एक हिसका दिला आणि पलीकडून काहीच आलं नाही. परत दिला. चादर सैल. मी मान वर केली तर इस्त्री उभी होती, माझ्याकडेच बघत होती, पण डाव्या हातातून चादर सुळसुळत खाली चालली होती आणि तिला ते कळत नव्हतं. मी टेबलावरून उडी मारली म्हणतात, मला आठवत नाही. नशीब एवढंच की डॉक्टर त्याच इमारतीत होते. हलका झटका होता, वेळेवर आणलंत, असं ते म्हणाले. तोंड सावरलं, बोलणं सावरलं, पण डावा हात आणि डावा पाय मागे राहिले.

मुलगा धावत आला. रजा काढून महिनाभर राहिला, आईला व्यायाम करवले, हाताला धरून जिना चढवला-उतरवला. आणि रजा संपत आली तेव्हा म्हणाला, "आई, आता इथलं आवर. माझ्याकडे चल."

"मी जाणार नाही," इस्त्री म्हणाली.

"पडलीस तर?"

"भोंगा आहे."

"मावशी गल्लीपलीकडे राहतात. त्यांना कळणार कधी? तू एकटी आहेस आई. दिवस-रात्र एकटी. मला तिकडे झोप लागत नाही."

मी तिथेच बसले होते. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. मुकादमाने इस्त्रीला घडीच्या टेबलावरून काढून उशांचे अभ्रे वेगळे करायला बसवलं होतं, बसल्या जागी, आणि तेही दया म्हणून. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक नवीन बाई आली होती. तिला हिसका दिला की विचारायची, "काय?" मी दिवसभरात इतक्या वेळा ओरडायचे की संध्याकाळी घसा बसायचा.

मी इस्त्रीला काय म्हटलं असेल? म्हटलं, "जा बाई. सुटशील. सुनेच्या हातचं आयतं खा." आणि घरी येऊन पातेलं भिंतीवर हाणलं. आमचे हे बसमध्ये कंडक्टर. दिवसभर गर्दीचं ऐकून घरी गप्प बसायची सवय. त्यांनी पातेलं उचललं, पोचा आलाय का बघितलं आणि म्हणाले, "ती जाऊ नये असं वाटतंय तर तिला सांग. पातेल्याला सांगून काय उपयोग?" मी म्हटलं, तुम्ही तिकिटं फाडा. पण ते खरं होतं. ती जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि तोंडाचा एवढा पट्टा चालवणारी मी, हे एक वाक्य मला जमत नव्हतं.

आता शर्यतीचं सांगते. आमच्या गावाबाहेरच्या शेतांतून दरवर्षी जोड्यांची शर्यत होते. शाळेच्या मैदानातून निघायचं, कालव्याच्या पुलावरून शेतात शिरायचं, बांधाबांधाने जाऊन टेकडी चढायची, पलीकडे उतरून ओढा ओलांडायचा आणि परत मैदानात यायचं. जोडीतल्या दोघांच्या हातात एकच काहीतरी असावं लागतं. दोरी चालते, रुमाल चालतो, ओढणी चालते. एकाने सोडलं की जोडी बाद. म्हणे पूर्वी कधीतरी एक भाऊ पहिला आला, त्याला खांद्यावर घेऊन लोक नाचले, आणि दुसरा भाऊ पाय मोडून रात्रभर ओढ्यात पडला होता, तेव्हापासून हा नियम. खरंखोटं माहीत नाही. सगळ्यांच्या मागून एक झेंडेवाला चालत येतो. तो पुढे निघून गेला की मागे राहिलेले बाद. बाहेरच्या कोणी हात लावला तरी बाद.

तर मुलाची रजा संपायच्या आत एके दिवशी माय-लेकांचं वाजलं. माझ्यादेखत. तो म्हणाला, "तुला गल्लीच्या टोकापर्यंत धड जाता येत नाही." इस्त्री खिडकीतून खाली बघत होती. बेकरीच्या मागच्या भिंतीवर शर्यतीचं पोस्टर लावलेलं होतं.

"ही शर्यत मी पुरी केली तर?"

तो हसला. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "पुरी केलीस तर मी हा विषय परत काढणार नाही. नाही झाली तर निमूट यायचं."

"ठरलं," इस्त्री म्हणाली.

शर्यत जोडीची. जोडीदार म्हणून कोणाचं नाव जाणार, हे मला कोणी विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती म्हणाली, "बूट घे. चपलेवर पळू देत नाहीत." मी तिला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी जाऊन बूट घेतले.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पळा, पण पळता पळता बोलता येईल इतपतच. दम लागून बोलणं थांबलं की पळणंही थांबवायचं. मी म्हटलं, "डॉक्टर, ही एरवीही बोलत नाही. मला कळायचं कसं?" ते म्हणाले, "मग तुम्ही बोलवत राहा, तुम्हाला ते जमेल." बघा, तिथेसुद्धा माझी कीर्ती पोचलेली.

सरावाला आम्ही लाँड्रीमागच्या मोकळ्या जागेत जायचो, जिथे फाटक्या गाद्या टाकतात. हातात धरायला काय घ्यायचं? इस्त्रीने टाकाऊ ढिगातला एक अभ्रा काढला, मुकादमाला दाखवून, विचारून. मी म्हटलं, "अगं, कचऱ्यातला आहे तो." तर म्हणे, "कचरा झाला तरी हॉस्पिटलचा." अभ्रा उभा फाडून पट्टी केली. एक टोक तिच्या उजव्या हातात, दुसरं माझ्या डाव्या.

पहिल्या दिवशी ती दहा पावलांत पडली. दुसऱ्या दिवशी मी पडले, तिच्याकडे बघता बघता. स्वयंपाकघरातले लोक भांडी घासायचं सोडून दाराशी येऊन उभे राहायचे. वाढपी म्हणाला, "मावशी, कासवाला निरोप देऊ का, थांब म्हणून?" मी त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट निरोप दिला. मध्येच माझा गुडघा सुजला, आठवडा गेला. मग तिला सर्दी झाली, तो आठवडा गेला. बुटाने तिच्या डाव्या पायाला फोड आणला, तो पाय सुन्न असल्यामुळे तिला कळलाच नाही, मोजा लाल झालेला मला दिसला. तेव्हा मी म्हटलं, "इस्त्रे, सोड हे. मुलगा काय तुला तुरुंगात नेतोय?" ती मोजा बदलत म्हणाली, "तिकडे मी पाहुणी. किती चांगलं ठेवलं तरी पाहुणी. इथे मी उठते ती माझ्या घरात उठते." एवढं लांब वाक्य ती इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती.

पण हळूहळू पाय चालायला लागला. पळणं म्हणजे काय, भरभर चालणं आणि मध्ये मध्ये चार उड्या. सुरुवातीला मी डॉक्टरांचं ऐकून तिला बोलवत राहायचे, पण दोघींनाही दम लागायला लागला, आणि मग बोलणं आपोआप अभ्र्यातून सुरू झालं. एक हिसका, सावर. लांब ओढ, थांब. ते परत सुरू झालं तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. नवीन बाईला मी त्या आठवड्यात एकदाही ओरडले नाही, ती घाबरून मुकादमाला विचारायला गेली की भोंग्याला बरं नाही का.

शर्यतीच्या आदल्या रात्री कालवा फुटला. पाणी शेतात शिरलं. शर्यत रद्द होईल असं वाटलं, पण आयोजक म्हणाले, चिखल तर चिखल. मुलगा रजा संपवून गेला होता, तो शर्यतीसाठी परत आला होता. मैदानात त्याने आईच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकून हात पुढे केला, तर ती म्हणाली, "आत्ता बांधलीस तर चालेल. एकदा निघाले की हात लावू नकोस." त्याने बांधली. दुहेरी गाठ मारली.

सुटलो. पुलापर्यंतच सगळे आमच्या पुढे गेले. तरणीताठी पोरं, नवराबायको, बापलेकी, सगळे. आमच्या मागे फक्त झेंडेवाला. तो पोस्टातून निवृत्त झालेला, आयुष्यभर चालून चालून सवय झालेली, आमच्या मागून शीळ घालत येत होता. मला त्या शिळेचाच राग आला. "जरा घाईत असल्यासारखं तरी चाला," मी म्हटलं. तो म्हणाला, "ताई, मी घाई केली तर तुम्हीच बाद व्हाल."

बांधांवर चिखल असा की बूट उचलला की निम्मं शेत वर यायचं. आम्ही दोघी माना खाली घालून, पाऊल बघून पाऊल टाकत होतो. मध्येच झेंडेवाला म्हणाला, "चला पुढे, आलोच," आणि झुडपामागे गेला. माणूस आहे, जाणारच. त्याच वेळी आम्ही दोन बांध एकमेकांना छेदतात तिथे पोचलो. माझा पाय सटकला. मी पडता पडता सावरले, आणि सावरताना माझ्या हातून अभ्र्याला दोन झटके बसले. एक, दोन.

इस्त्री डावीकडे वळली.

आणि मीही वळले. आता हसा. दोन हिसके म्हणजे डावीकडे, टेबलाकडे, पंचवीस-सव्वीस वर्षं त्यात कधी चूक झालेली नाही. शर्यतीच्या वाटेची खूण कुठे आहे ते तिने बघितलं नाही, कारण मी सांगितलं होतं. मी बघितलं नाही, कारण ती खात्रीने वळली होती. लाँड्रीत हिसक्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. आम्ही दोघी एकमेकींवर पूर्ण विश्वास ठेवून भलत्याच बांधावरून छान लयीत निघालो. मला तर वाटलंही, आता कसं जमतंय.

बांध संपला तिथे वीटभट्टी होती. एक बाई विटा रचत होती, ती आमच्या छातीवरचे आकडे बघून म्हणाली, "शर्यत टेकडीकडून जाते की."

"तू का वळलीस?" मी.

"तू सांगितलंस," इस्त्री.

"मी पडत होते."

इस्त्रीने अभ्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ती हसायला लागली. ही बाई हसते तेव्हा आवाज होत नाही, फक्त खांदे हलतात. मला आधी संताप आला आणि मग मलाही आवरेना. वीटभट्टीवाली आमच्याकडे बघत हातात वीट घेऊन तशीच उभी.

तिने आम्हाला प्यायला पाणी दिलं आणि म्हणाली, "परत कशाला जाता? ही कालव्याची वाट धरा, सरळ शाळेमागे निघते. टेकडीबिकडी काही नाही. कोणाला कळतंय?"

मी इस्त्रीकडे बघितलं. माझा घोटा दुखायला लागला होता, तो मघाशी सटकताना मुरगळला असावा. टेकडी समोर दिसत होती आणि ती मला एकदम फार उंच वाटली. मी म्हटलं, "इस्त्रे, ऐक. कोणी बघत नाहीये. तुला इथे राहायचंय ना? मग चल या वाटेने. देव माफ करील, आणि नाही केलं तर मी त्याला बघून घेईन."

ती म्हणाली, "राहायचंय म्हणूनच नको. मग रोज सकाळी उठून मला ते आठवेल."

"हरिश्चंद्राची मावशी आहेस तू. आणि झेंडेवाला? तो एव्हाना पुढे गेला असेल. आपण बाद झालो असू."

"झालो असलो तर तिथे पोचल्यावर कळेल."

वळलो. परत तो चिखल, परत तो बांध. जिथे चुकलो तिथे खूण होती, लाल फडकं, डोक्याइतक्या उंचीवर, आंधळ्यालाही दिसेल असं. झेंडेवाला नव्हता. चिखलात त्याच्या बुटांचे ठसे टेकडीकडे गेलेले दिसत होते. आम्ही पुढेच आहोत असं समजून तो बिचारा आम्हाला गाठायला निघाला होता. म्हणजे आम्ही बाद. मला तिथेच कळलं. इस्त्रीलाही कळलं असणार. आम्ही ठशांवरून चालू लागलो.

टेकडीवर निम्म्यात अभ्र्याला लांब ओढ बसली. मी थांबले.

"पाय दुखतोय तुझा," ती म्हणाली.

"नाही."

"अभ्रा सारखा मागे ओढला जातोय. खोटं बोलू नकोस."

घोटा टम्म सुजला होता. तिने आपला रुमाल काढून दातांनी आणि उजव्या हाताने माझ्या घोट्याला बांधला, आणि डाव्या हाताने अभ्र्याचं टोक घट्ट धरून ठेवलं, नियम आहे म्हणून. तो डावा हात. त्या हातातून पाण्याचा पेला सांडायचा. मी बघत राहिले. मग आम्ही निघालो, तिचा डावा पाय ओढत, माझा उजवा लंगडत. दोघींना जोडून एक माणूस धड होत होता. वर पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती आणि लांब खाली मैदानातले मंडप सोडताना दिसत होते.

उताराच्या मध्यावर मुलगा समोरून आला. झेंडेवाला एकटाच मैदानात पोचला होता, "मागे कोणीच नाही" म्हणाला होता, आणि ते ऐकल्यावर या मुलाचं काय झालं असेल ते त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं. कपडे चिखलाने माखलेले. ओरडून ओरडून आवाज बसलेला.

"झालं," तो म्हणाला. "बास झालं आई. खाली टेम्पो उभा करून आलोय. चल." आणि त्याने तिचा दंड धरायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," इस्त्री म्हणाली.

"आई, संपली शर्यत. सगळे गेले."

"माझी नाही संपली. वाट सोड."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, मावशी तरी समजावेल. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस रे. मी हिच्या दुसऱ्या टोकाला आहे." मग तो बाजूला झाला आणि आमच्या मागून चालायला लागला. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता. तिचा पाय जरा हलला की तो थांबायचा. मला त्याची दया आली, खरंच. आपलं माणूस धडपडताना बघायचं आणि हात खिशात ठेवायचा, सोपं नाही ते.

ओढ्याला कालव्याचं पाणी आलेलं. गुडघ्याच्या वर, आणि ओढ होती. मी आधी उतरले, मागोमाग ती. मधोमध तिचा डावा पाय दगडावरून गेला आणि ती पाण्यात बसली. छातीपर्यंत पाणी. मागे मुलगा काठावरून खाली उतरल्याचं मला ऐकू आलं, "आई," एवढंच म्हणाला तो. त्याच्याकडे बघायला मला वेळच नव्हता. मी अभ्र्याला एक हिसका दिला. ताण धर.

तिने धरला. मी मागे रेलले, सुजलेल्या पायावर सगळं वजन टाकून, तोंडातून शिवी निघाली ती निघालीच, आणि पट्टी ताठ झाली, आणि त्या ताणावर ती उठली. हळूहळू. आधी उजवा पाय, मग डावा. मुलगा पाण्यात आमच्यापासून दोन हातांवर उभा होता, दोन्ही हात पुढे केलेले, आणि त्याने तिला हात लावला नाही.

मैदानात आलो तेव्हा दोऱ्या गुंडाळून झाल्या होत्या. आमच्या ह्यांनी कोणालाही शेवटचं टेबल उचलू दिलं नव्हतं, त्यावर हात ठेवून गप्प उभे होते. टेबलाशी बसलेला माणूस बिचारा घरी जायला टेकला होता. झेंडेवाला तोंड लपवत होता. आम्ही जिथे रेघ होती तिथून आत आलो, अभ्रा दोघींच्या हातात.

"तुमची जोडी बाद आहे," टेबलवाला म्हणाला. वाईट वाटूनच म्हणाला. "झेंडा तुमच्या आधी आला. नियम आहे."

मी सुरू झाले. नियमाचा, झेंड्याचा, झुडपाचा, सगळ्यांचा उद्धार केला. शाळेच्या भिंतीवरून आवाज परत येत होता. इस्त्रीने मला थांबवलं. मग ती मुलाकडे वळली. ओली, चिखलाने भरलेली, ओठ निळे पडलेले.

"बाद झाले मी," ती म्हणाली. "कधी निघायचं?"

"कुठे?"

"तुझ्याकडे. ठरलं होतं."

मला माहीत होतं, ही शब्द फिरवणार नाही. मरेल पण फिरवणार नाही. मुलगा आईकडे बघत राहिला. त्याच्या पँटमधून पाणी गळत होतं.

"पैज कोणाशी लावली होतीस?" त्याने विचारलं.

"तुझ्याशी."

"मग निकाल हे कसे देतील?" त्याने टेबलाकडे हात केला. "टेकडीपासून मी मागे होतो. सगळं बघितलंय. तू पुरी केलीस, आई."

तिने मान हलवली, आणि त्याने आपलं जॅकेट काढून तिच्या खांद्यावर टाकलं. आता हात लावायला हरकत नव्हती. मग तो मला म्हणाला, "मावशी, आता मी रोज दोन फोन करीन. एक तिला आणि एक तुम्हाला. तिने उचलला नाही तर तुम्ही उचलायचा."

मला हो म्हणायचं होतं. पण मी जी रडायला लागले ती थांबेना. मोठमोठ्याने, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं. टेबलवाला घाबरून पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, निकालामुळे रडतेय.

"आता काय झालं?" इस्त्री म्हणाली. "मी कुठे जातेय?"

"म्हणूनच," मी म्हटलं.